बर्फ उतरेपर्यंत

अव्वा गेल्यानंतर बरेच महिने मी विमानांवरच्या बर्फाविषयी वाचत होते. अव्वा म्हणजे माझी आई. आमचं घर सोलापुरातलं, लिंगायताचं. घरात निम्मं मराठी आणि निम्मं कानडी बोललं जातं, म्हणून आईला अव्वा आणि मोठ्या बहिणीला अक्का. भेटायला येणारी माणसं माझ्या टेबलावरची पुस्तकं उचलून पाहत, आतली पंखांची आणि इंजिनांची चित्रं दिसली की परत ठेवत. मी नोकरीची सगळी वर्षं एका कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. त्यामुळे काहीही झालं तरी हात पुस्तकाकडेच जातो. मला एवढंच शोधायचं होतं, की त्या सकाळी विमान जे थांबलं, ते थांबणं खरोखर गरजेचं होतं का.

अव्वाचे गुडघे फार आधीच गेले होते. जमिनीवर बसणं तिनं कित्येक वर्षांपूर्वी सोडलं होतं. पूजेलाही खुर्चीवर बसायची आणि देवाची क्षमा मागायची. संध्याकाळी मी तिच्या गुडघ्यांना कोमट तेल लावत असे. उजवा जास्त वाईट होता. तो अमुक एका मर्यादेपर्यंतच वाकायचा, त्यापुढे नेला की ती ओरडायची. ती मर्यादा माझ्या तळहाताला पाठ झाली होती.

अशाच एका संध्याकाळी तेल लावताना ती म्हणाली, "आपल्यात बसवून नेत्यात. आणि मला तर मांडी येत न्हाई. मग काय करतील गं?"

"अव्वा, काहीतरी काय बोलतेस?"

"काहीतरी न्हाई. मोडतील की. माझ्या सासूचं मोडलं. मी भिंतीपल्याड हुते, आवाज आला." मग हसली. "तुझ्या आजीला जित्तेपणी कुणाला वाकवता आलं न्हाई. मेल्यावर चौघं लागले."

मी हसले नाही. लिंगायतांमध्ये माणूस गेलं की जाळत नाहीत. त्याला मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती लावतात, आयुष्यभर गळ्यात असलेलं इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवतात, भिंतीला टेकवून फुलांनी सजवतात आणि तसंच बसलेलं नेऊन पुरतात. हे बसवणं लवकर करावं लागतं, अंगात ऊब आहे तोवर. नंतर अंग ताठतं.

"तू असलीस म्हंजे हळू करशील," ती म्हणाली. "तुझ्या हाताची सवय हाय गुडघ्यास्नी. त्या बाप्यांच्या हातात दिऊ नको मला."

मी हो म्हणाले. त्या वेळी ते बोलणं संपवण्यासाठी म्हणाले असेन. पण पुढे रोज तेल लावताना ते आठवायचं, आणि रोज म्हटल्यासारखं व्हायचं.

गेल्या हिवाळ्यात माझ्या लेकीचं बाळंतपण कॅनडात होतं. मला जायचं नव्हतं. अव्वानेच घालवलं. "बाळंतपणाला आई गेली न्हाई तर तिथली नर्स डिंकाचे लाडू करणार हाय व्हय?" म्हणाली. माझा धाकटा भाऊ आणि भावजय तिच्याजवळ होते. दोघंही जीव लावणारे. मी गेले.

नातू झाला. आणि तो अजून धड डोळे उघडून बघतही नव्हता तोच भावाचा फोन आला, अव्वाच्या छातीत कफ भरलाय, न्यूमोनिया म्हणतात, दवाखान्यातून घरी आणलंय कारण तिला घरीच यायचं होतं. "लवकर ये," एवढंच म्हणाला. जावयाने तिकीट बदलून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विमानात होते. बाहेर बर्फ पडत होता. भुरभुर नव्हे, सलग, आवाज न करता, समोरचं सगळं पुसत.

शेजारच्या सीटवर हैदराबादच्या एक वयस्क बाई होत्या. सोलापूरच्या ज्या गल्लीत मी वाढले तिथे दखनी बोलणारी घरं पुष्कळ, त्यामुळे आमचं लगेच जमलं. विमान दारापासून सुटलं तसं मला वाटलं, निघालो. पण ते थोडं पुढे जाऊन एका मोकळ्या फरसबंद पटांगणावर रांगेत उभं राहिलं. पंखांवरचा बर्फ काढायचाय, असं वैमानिकाने सांगितलं. आमच्या पुढे आणखी विमानं होती.

त्या रांगेत असताना फोन वाजला.

"अक्का," भाऊ म्हणाला आणि थांबला. तिकडे दिवेलागणीची वेळ होती. मागे कुणाच्या तरी घरातली टीव्हीवरची मालिका ऐकू येत होती. मग ती बंद झाली. "गेली," तो म्हणाला.

"कधी?"

"आत्ताच. पाणी मागितलं. पाणी आणलं तर..." मग अगदी वेगळ्या, कामाच्या आवाजात म्हणाला, "काका आलेत. ते म्हणत्यात आत्ता बसवू, सकाळी नेऊ. तुला किती लागंल यायला?"

काका म्हणजे वडिलांचे चुलत भाऊ. गिरणीतून निवृत्त झालेले. नात्यात कुणी गेलं की बसवायला त्यांनाच बोलावतात. मी म्हणाले, थांबा, मी येतेय. मला तिचं तोंड बघायचं होतं, आणि मी तिला शब्द दिला होता. पण बसवलेलं माणूस बर्फाच्या लाद्या भोवती लावून एखादी रात्र टिकतं, दोन दिवस टिकत नाही. थांबायचं तर फ्रीजरची पेटी आणावी लागणार होती, ती काचेच्या झाकणाची, भाड्याने मिळते ती. त्या पेटीत माणूस आडवंच राहतं.

"पेटी आणतो मग," भाऊ म्हणाला.

फोन ठेवला तेव्हा आमच्या विमानाचा नंबर आला होता. दोन्ही बाजूंना दोन मोठ्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या. प्रत्येकीवर एक लांब हात, हाताच्या टोकाला काचेची खोली, खोलीत एक माणूस. त्या हातातून नारिंगी पाण्याचा जोरदार फवारा सुटला. वाफ इतकी झाली की पंख दिसेना. खिडकीवरून नारिंगी ओघळ यायला लागले. आत हवा बंद केली होती, तरी काकवीसारखा गोडसर वास शिरला.

"नहला रे क्या इसको?" शेजारच्या बाई म्हणाल्या. मी मान हलवली. "गरम पानी से नहलारे. अच्छी बात है." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी विचारलं, "क्या हुआ अम्मा?" मी सांगितलं. त्यांनी माझा हात धरला आणि तो नंतर बराच वेळ सोडला नाही. वाफ ओसरल्यावर पंख काळा, ओला, स्वच्छ दिसला. त्यावर पुन्हा हिरवा, दाट द्रव ओतला जात होता. दोशाचं पीठ तव्यावर पसरावं तसा तो सावकाश पसरत होता.

हे सगळं कशासाठी, ते मी नंतर वाचलं. विमान उचललं जातं ते पंखाच्या आकारामुळे, त्याच्या वरून आणि खालून वाहणाऱ्या हवेमुळे. पंखावर बर्फाचा जाड थर असायला हवा असंही नाही. सँडपेपरसारखा खरखरीत, पातळ थर बसला तरी हवा पंख सोडून देते आणि उचल कमी होते. डोळ्यांना तो थर दिसेलच असंही नाही. काही विमानांत माणसाला हाताने पंख चाचपून बघावा लागतो. म्हणून नियम असा, की पंखावर बर्फाचा कणही असताना उडायचं नाही. नारिंगी द्रव म्हणजे तापवलेलं पाणी आणि ग्लायकॉल नावाचं रसायन. पाणी गोठतं त्या थंडीत ते मिश्रण गोठत नाही. ते बर्फ उतरवतं. पण उतरवलेल्या जागी नवा बर्फ पडतोच. त्यासाठी हिरवा. तो दाट असल्याने पंखावर टिकून राहतो, वरून पडणारा बर्फ स्वतःत विरघळवत राहतो, आणि विमान धावपट्टीवर वेगात धावायला लागलं की वाऱ्याने मागे सरकून गळून जातो.

मात्र त्याला मुदत असते. बर्फ किती जोरात पडतोय, थंडी किती आहे, यावर ती ठरते. मुदतीत उडालात तर ठीक. नाहीतर द्रव पातळ होत होत स्वतःच गोठायला लागतो. मग पुन्हा मागे, पुन्हा रांग, पुन्हा सगळं पहिल्यापासून.

आमचं तसंच झालं. आम्ही धावपट्टीच्या तोंडाशी पोचलो आणि ती बर्फ लोटायला बंद केली. नांगरासारखी पाती लावलेल्या गाड्या एकामागून एक जाताना दिसत होत्या. वैमानिक बोलला. आमची मुदत संपली होती. विमान वळलं.

पुन्हा रांगेत उभं असताना भावाचा दुसरा फोन आला. पेटी आली होती.

मला तोवर सुचलं नव्हतं ते तेव्हा सुचलं. मी म्हणाले, "ऐक. तिला सरळ ठेवू नको. आधी गुडघ्यांवर गरम पाण्याचे टॉवेल ठेव. मग हळूच पाय दुमड. उजवा सावकाश, लई सावकाश. कुशीवर ठेव तिला, पाय पोटाशी घेऊन, लेकरू झोपतं तसं. मग मी आल्यावर बसवता येईल."

"व्हय."

"तू कर हे. काकांना नको सांगू."

"व्हय अक्का. करतो."

"सरळ ठेवलीस तर ताठेल रे ती."

"करतो म्हणलं की," तो म्हणाला. आवाज ओढलेला होता. मी आणखी काही सांगितलं नाही.

पहिल्यांदाच उडालो असतो तर हा फोन मला मिळालाच नसता. त्याचा मला आजही काही अर्थ लावता येत नाही. दुसऱ्यांदा नारिंगी पाणी आलं, वाफ आली, हिरवं आलं. मग आम्ही उडालो. युरोपातल्या ज्या विमानतळावर मला हैदराबादचं विमान पकडायचं होतं, तिथे पोचलो तेव्हा ते गेलेलं होतं. पुढचं दुसऱ्या दिवशी. शेजारच्या बाई माझ्यासोबत बाकावर बसून राहिल्या. त्यांनी डब्यातली रोटी काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "खाव. जानेवाले नाराज नहीं होते खाने से."

वर असताना पंखाचं काय होतं, तेही मी वाचलं. ढगांतल्या थंड पाण्याचे थेंब पंखाच्या पुढच्या कडेवर आदळून तिथेच गोठतात. मोठ्या विमानांत इंजिनातली तापलेली हवा नळ्यांतून त्या कडेच्या आतून फिरवतात. पुढची काच आणि वेग मोजणाऱ्या बारीक नळ्या विजेवर गरम ठेवतात. लहान विमानांत वेगळा उपाय. कडेवर रबराचं आवरण असतं. बर्फ जमू देतात, मग आवरणात हवा भरतात. ते फुगतं आणि बर्फ तडकून पडतो. म्हणजे एकीकडे वितळवणं, दुसरीकडे फोडणं. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

हैदराबादहून गाडीने सोलापूरला पोचले तेव्हा भर दुपार होती. अंगणात मांडव होता. दाराशी बांबूचं मखर तयार उभं होतं, झेंडूच्या माळा लावलेलं, आत बसायची फळी. त्यात बसवून तिला न्यायचं होतं. मी त्याच्या बाजूने आत गेले. पेटीच्या काचेवर आतून दव धरलं होतं. भावजयीने ते बाहेरून पदराने पुसायचा प्रयत्न केला. पुसलं जाईना. काच वर केली.

अव्वा उताणी होती. पाय सरळ होते.

भाऊ खांबाला टेकून उभा होता. माझ्याकडे बघत नव्हता.

"मी सांगितलं होतं ना रे?"

"सांगितलं हुतं," तो म्हणाला. "पाणी तापवलं. टॉवेल ठेवले. मग पायाला हात लावला तर..."

"तर काय?"

"ओरडायची की गं ती. आपण नुसतं उचललं तरी ओरडायची." तो खांबाचा रंग नखाने खरवडत होता. "मला न्हाई जमलं. दुखलं असतं तिला."

मेलेल्या माणसाला दुखेल म्हणून त्याने तिचे पाय दुमडले नव्हते. मला राग आला असता तर बरं झालं असतं. आला नाही. त्याच्या जागी मी असते तर मलाही ऐकू आलंच असतं ते ओरडणं.

आमची आत्या, म्हणजे वडिलांची बहीण, कोपऱ्यात बसली होती. ती कुणाकडेही न बघता म्हणाली, "लेक आल्याबिगर न्यायचं न्हाई म्हणत हुते. आली लेक. आता बसव म्हणावं."

आम्ही तिला परसात उन्हात बाजेवर ठेवलं. काका म्हणाले, थंडीनं धरलंय, सैल पडंल, पण वेळ लागंल. तेवढा वेळ विधी करायला आलेले स्वामी थांबायला तयार होते. भावजयीने बंब पेटवला. मी आमच्याच गावचे ते जाड टॉवेल कढत पाण्यात बुडवून पिळून गुडघ्यांभोवती गुंडाळत राहिले. गार झाले की दुसरे. कढत पाण्याने माझे हात लाल झाले आणि तिचे गुडघे मात्र आतून दगडासारखे गार. विमानाच्या पंखाला बर्फ फक्त वरून धरलेला असतो. खाली पंख जसाच्या तसा असतो.

बऱ्याच वेळाने डावा गुडघा माझ्या हाताखाली किंचित हलला. मी तेल लावलं, धरून ठेवला, आणखी थोडा वर घेतला. तो अर्धा दुमडला. मांडी घालता येईल इतका नाही. खुर्चीवर बसताना दुमडतो तेवढा. उजवा हललाच नाही. माझ्या तळहाताला माहीत होती ती मर्यादा आली तर कळली असती, पण ती येण्याइतकाही तो वाकला नाही.

काका माझ्या मागे येऊन उभे राहिले. कठोर माणूस नव्हे. मला लहानपणी खांद्यावर बसवून गड्ड्याची जत्रा दाखवलेले. "सरक पोरी," ते म्हणाले. "लई केलंस. आता दोघं धरतो, एका दमात व्हतंय."

"मोडेल ना?"

"मोडंल की. तिला काय कळतंय आता?"

"ती म्हणाली होती मला."

"समदीच म्हणत्यात," काका म्हणाले. "माझी आई बी म्हणाली हुती."

बंबातलं लाकूड तडतडत होतं. मी गुडघ्यावरचा हात काढला नाही. काका वाकले तसा भाऊ पुढे आला आणि बाजेच्या पायाशी उभा राहिला.

"आडवी न्या," तो म्हणाला.

"आडवी?" आत्या उठून दाराशी आली. "आडवी न्यायची? मग आपली कशानं म्हणायची तिला? तुझ्या बापाला बसवून नेलं, आज्याला बसवून नेलं. ही एकटी कुटं झोपून चालली?"

"आडवी न्या म्हणलं की," भाऊ ओरडला. त्याला ओरडताना मी आयुष्यात तेवढं एकदाच ऐकलं.

स्वामी तरुण होते, हुबळीकडे शिकून आलेले. त्यांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला. मग म्हणाले, "लिंग अंगावर असलं म्हंजे चालंल." पण बोलताना त्यांनी काकांकडे बघितलं. काकांनी मान हलवली नाही, नाहीही म्हटलं नाही. खांद्यावरच्या पंच्याने हात पुसले आणि बाहेर जाऊन मखरावरच्या माळा सोडायला लागले.

आमच्यात बायकाही रुद्रभूमीत, म्हणजे पुरायच्या जागी, जातात. आत्या आली नाही. गेल्यावर कळलं, खड्डा बसवायच्या मापाचा खणून ठेवलेला. खोल आणि अरुंद. त्याची लांबी वाढवायची तर पुन्हा पहार लावायला हवी, आणि तिथे खाली सगळा मुरूम. खणणाऱ्याने तोंडातला तंबाखू थुंकला आणि उतरला. बाज सावलीत ठेवून आम्ही सगळे उभे राहिलो. पहारीचा एकेक घाव यायचा. काही माणसं हळूहळू निघून गेली. काका थांबले. भाऊ खड्ड्यात उतरून माती वर देऊ लागला.

लांबी पुरेशी झाली नाही. ऊन कलत होतं, मुरूम सरत नव्हता, आणि शेवटी खणणारा म्हणाला, बसंल एवढ्यात. तिला उतरवलं तेव्हा टाचा खड्ड्याच्या भिंतीला टेकल्या. लिंग तळहातावर राहीना, कारण हात मांडीत आणता येत नव्हता. ते स्वामींनी कापडात बांधून छातीवर ठेवलं. मग बेलाची पानं, विभूती, आणि वरून पोत्यातलं मीठ.

मी सैल केलेला डावा गुडघा तसाच वर राहिला होता. ना बसलेली, ना झोपलेली. मीठ आणि माती अंगावर पसरली, छाती झाकली, तोंडावरचं कापड झाकलं गेलं, तरी तो पांढऱ्या कापडाखाली उंचवट्यासारखा दिसत होता. वर उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "दाबा की जरा."

खाली उतरलेला माणूस हात पुढे करणार तोच भाऊ म्हणाला, "राहू द्या."

आणि त्यांनी माती तिथेच जास्त ओतली.